खडपावर मुलांना नेताय? या चुका टाळा

सहलीहून परतताना बसमध्ये वास सुटला आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सातवीची मुलं, दिवसभर रत्नागिरीजवळच्या खडपांवर, म्हणजे खडकाळ किनाऱ्यावर, हिंडलेली. मागच्या सीटखाली एकाने बाटली कापून बरणी केली होती, त्यात वीसेक शंख. "सर, रिकामेच घेतलेत," तो म्हणाला. रिकामा एकही नव्हता. प्रत्येकात संन्यासी खेकडा, म्हणजे रिकाम्या शंखात घर करून राहणारा. निम्मे मेलेले, उरलेले अर्धे शंखाबाहेर लोंबत होते. आणि 'प्रत्येकाने पाच शंख आणा' हा गृहपाठ सकाळी मीच दिला होता.

तेव्हापासून शंख आणायला सांगत नाही, खरोखर रिकामेही नाहीत. वाढत्या संन्यासी खेकड्याला मोठं घर लागतं, ते त्याला याच पडलेल्या शंखांतून मिळतं. मुलांनी उचललेच असतील तर बसजवळ नव्हे, किनाऱ्यावरच पिशव्या उघडा. शंख समुद्रात भिरकावू नका. ज्या पट्ट्यातून घेतले तिथे ओल्या सावलीत ठेवा आणि पाच मिनिटं सगळ्यांना गप्प बसवा. पाय बाहेर येताना दिसले की मुलं जे शिकतात ते माझ्या तासाभराच्या भाषणात नसतं. प्रवाळाचा वाहून आलेला पांढरा तुकडाही तिथेच राहू द्या. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रवाळ आहे, आणि 'मेलेलाच होता' ही सबब तिथे चालत नाही.

दगड उलटला, पण परत ठेवला नाही

ही सगळ्यात जास्त होणारी चूक, आणि मोठ्यांकडून जास्त. खडपातल्या सुट्या दगडाची वरची बाजू ऊन खाते, खालची ओली आणि अंधारी. खाली चिकटलेले स्पंज, अंडी, लहान किडे उन्हात पडले की थोड्या वेळात सुकतात. वरचं शेवाळ खाली दबलं की तेही जातं. डोक्याएवढ्याहून मोठा दगड हलवायचाच नाही. लहान असेल तर एकानेच उचलायचा, बाकीच्यांनी बघायचं आणि होता तसाच बसवायचा. मी मुलांना विचारतो, 'तुमच्या घराचं छप्पर काढून फोटो काढला आणि मी निघून गेलो तर?' एकदा एक मुलगी म्हणाली, "सर, आमच्याकडे वादळात गेलंच होतं." त्यानंतर हा प्रश्न जरा जपून विचारतो.

भरती-ओहोटीचं गणितही आधी करा. वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जास्त लांब ओसरतं आणि तेवढंच जोरात परत येतं. ओहोटीचा तळ गाठायच्या तासभर आधी उतरायचं, पाणी फिरलं की निघायचं. 'अजून दहाच मिनिटं' म्हणणारा शिक्षक मुलांना निष्काळजीपणा शिकवत असतो.

आकडे 'छान' करणं

पीव्हीसी पाइपची अर्ध्या मीटरची चौकट देऊन आत किती प्राणी दिसतात ते मोजायला सांगितलं की मुलं हमखास ती जिथे गर्दी आहे तिथेच ठेवतात. रिकाम्या चौकटीची नोंद करायला त्यांना लाज वाटते. दोष त्यांचा नाही; भरलेल्या तक्त्याला आपण शाबासकी देतो. चौकटीची जागा आधीच ठरवा: दोरी ताणा, दर पाच मीटरवर चौकट ठेवा आणि शून्य आलं तर शून्यच लिहा. स्वच्छता मोहिमेत फोटोसाठी गोळा केलेला कचरा पुन्हा पसरून उचलायला लावणारे मी पाहिले आहेत. त्या मुलांनी पुढे कुठला आकडा खरा लिहावा?

नमुन्यावरच्या चिठ्ठीचंही तसंच. जागा, तारीख, कोणी उचलला हे तिथल्या तिथे लिहा, घरी जाऊन आठवून नव्हे. १९८९ साली ऑस्ट्रेलियाचे जीवाश्मतज्ज्ञ जॉन टॅलेंट यांनी 'नेचर'मध्ये चंदीगडच्या पंजाब विद्यापीठातल्या विश्वजित गुप्तांच्या कामावर बोट ठेवलं. हिमालयात सापडले म्हणून छापलेले काही जीवाश्म मुळात मोरोक्कोसारख्या दूरच्या ठिकाणचे असावेत, असा तो आक्षेप होता. एका खोट्या पत्त्यामुळे हिमालयाच्या भूशास्त्रावरची कितीतरी पानं संशयात आली. नववीच्या मुलांना ही गोष्ट सांगितली की चिठ्ठ्या आपोआप नीट होतात.

सड्यावर, म्हणजे कोकणातल्या कातळाच्या पठारावर, गेलात तर हातोडी बसमध्येच ठेवा, पडलेले तुकडे पुरतात. कातळशिल्पांच्या रेषा फोटोत उठून दिसाव्यात म्हणून त्यांत खडू किंवा चुना भरू नका. कोकणची ही कातळशिल्पं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत, पण नसती तरी उत्तर तेच असतं. तिरप्या उन्हात, सकाळी किंवा संध्याकाळी गेलं की रेषा आपोआप दिसतात.

कासवांची पिल्लं पाहायचीच, हा हट्ट

कासवांची पिल्लं पाहायला रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला जाणाऱ्या प्रत्येक गटात कुणीतरी विचारतोच, "आज नक्की दिसतील ना?" ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाच्या अंड्यांतून पिल्लं बाहेर यायला दीड ते दोन महिने लागतात आणि ती आपल्या सुट्ट्या बघून येत नाहीत. पाहुण्यांसाठी पिल्लं थांबवून ठेवा, असा आग्रह धरला तर पहिल्या दिवसाच्या पोहण्यासाठीची त्यांची ताकद वाळूतच खर्च होते. अंधारात टॉर्च आणि फ्लॅश नको. ती उजळ क्षितिजाच्या दिशेने जातात आणि आपल्या मोबाइललाच समुद्र समजतात. दिसली नाहीत तर रिकामं घरटं दाखवा, टरफलं दाखवा. मुलं रुसतात, पण तासाभरात विसरतात.

गावाला खलनायक करणं

'मच्छीमारांमुळे मासे संपले' असं वाक्य आमच्या एका तक्त्यावर होतं. शेजारीच गावातल्या बायका वाकून कोयतीने कालवं (खायचे शिंपले) काढत होत्या. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या काळात घर कसं चालतं हे आम्ही कुणाला विचारलंच नव्हतं. त्या बायकांचे फोटोही मुलांनी न विचारता काढले होते. ते पुसायला लावले, त्यांच्याशी बोलायला लावलं, तक्ता फाडला.

पुढच्या वर्षी मोजणीची झेरॉक्स घेऊन त्याच वाडीत गेलो. एका आजींनी कागद उलटा धरला, मग सुलटा, आणि चित्रावर बोट ठेवून म्हणाल्या, "ही कालवं नायत, बाळा. ही दगडाला धरून असतात ती वेगळी." आम्ही अख्खा रकाना खोडला आणि नवीन नाव त्यांनाच विचारून लिहिलं.