फुटबॉल कोच व्हायचं ठरवलंय? सोलापुरातली तयारीची यादी

कॉलेजच्या टीममधून मिडफिल्डला खेळलेला पोरगा कोच व्हायचं ठरवतो तेव्हा त्याच्या डोक्यात फॉर्मेशन, म्हणजे मैदानावरची खेळाडूंची मांडणी असते. चार-तीन-तीन बरं की चार-चार-दोन, यावर तो तासभर बोलेल. सोलापुरातल्या शाळेच्या मैदानावर त्याला मिळतात तीस पोरं, दोन बॉल आणि पाऊण तास. मग रांग लागते, एकेक जण गोलवर किक मारतो आणि परत मागे जाऊन उभा राहतो. पाऊण तासात प्रत्येकाचा पाय बॉलला पाच-सात वेळा लागला तर लागला. म्हणून यादी करताना मी प्रत्येक गोष्टीला एकच प्रश्न विचारतो: यानं पोरगं रांगेत कमी वेळ उभं राहील का? हो असेल तर खर्च करा. कोरा ट्रॅकसूट आणि छातीवर लोगो यांना थांबता येतं.

तेव्हा पहिला पैसा बॉलवर. दोन पोरांमागे एक बॉल हे किमान, आणि बॉल वयाप्रमाणे. आठ वर्षांखालच्यांना ३ नंबर, बारापर्यंत ४, पुढे ५. पाच नंबरचा बॉल ४१० ते ४५० ग्रॅमचा, घेर ६८ ते ७० सेंटिमीटर. तो सात वर्षांच्या पोरासमोर ठेवला की ते पायाच्या बोटांनी ठोकायला शिकतं आणि ती सवय पुढं मोडता मोडत नाही. आपल्याकडच्या मुरमावर महागडा मऊ बॉल महिनाभरात सोलवटतो, त्यामुळे जाड रबरी कव्हरचाच घ्या. बाभळीच्या काट्यांपुढे मात्र तेही टिकत नाही; सरावाआधी पोरांनाच एका ओळीत मैदान चालायला लावा, काटे, काचा, बाटल्यांची झाकणं वेचून निघतात. हवा भरताना सुई आधी ओली करायची, मग सरळ घालायची. कोरडी सुई तिरकी घुसवली की आतला व्हॉल्व्ह फाटतो आणि चांगला बॉल फुकट जातो. पंप एक, सुया पाच-सहा, कारण सुया हरवतातच.

बिब्स, म्हणजे दोन टीम वेगळ्या ओळखायला घालायच्या रंगीत बंड्या, बाहेरून मागवू नका. शाळेचे गणवेश शिवणारे कारखाने आपल्याच गावात आहेत. दोन रंगांत बिनबाह्यांच्या जाळीदार बंड्या सांगितल्या की काम झालं. खुणेसाठी प्लास्टिकचे कोन, म्हणजे शंकू, घ्या. कोनाच्या जागी विटा किंवा दगड कधीच नकोत, पोरगं त्यावर पडतं. फक्कीची एक गोणी ठेवा, कारण आखलेली रेष दिसली की निम्मी भांडणं आपोआप मिटतात.

मैदान बघायला सकाळी नाही, ज्या वेळेला सराव घेणार त्याच वेळेला जा. संध्याकाळी तिथं क्रिकेटच्या चार मॅच एकमेकींत घुसून चालू असतात, हे सकाळी कळत नाही. गावातल्या ‘होम मैदान’ नावाच्या मैदानावर डोळा असेल तर जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा भरते हे धरूनच चाला; तेव्हा तिथं पाळणे असतात, गोलपोस्ट नाही. पार्क स्टेडियम मुख्यतः क्रिकेटचं. कुमठा नाक्याच्या क्रीडा संकुलात चौकशी जरूर करा. नव्या माणसासाठी शाळेचं मैदान सगळ्यात सोयीचं, पण मुख्याध्यापकांची परवानगी लेखी घ्या. वार, वेळ आणि पाण्याची टाकी वापरायची की नाही, एवढं तरी कागदावर हवं. गोलपोस्ट हलते असतील तर मागची पट्टी जमिनीत खिळून किंवा वाळूच्या पोत्यांनी दाबून घ्या. आडव्या दांडीला लोंबकळण्याचा मोह एकाही पोराला आवरत नाही, आणि उलटलेला गोलपोस्ट जीव घेऊ शकतो.

कोचिंग लायसन्सचा रस्ता सरळ आहे. महाराष्ट्रात वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, म्हणजे विफा, आणि तिच्या वर अखिल भारतीय फुटबॉल महासंघ. महासंघाचं डी लायसन्स करा, मग आशियाई महासंघाचं सी, बी, ए आणि शेवटी प्रो. एक पायरी झाली की लगेच दुसरी चढता येत नाही, मध्ये प्रत्यक्ष कोचिंगचा अनुभव लागतो. कोर्स आपल्या दारात होईल याची वाट बघू नका. मुंबई-पुण्याचा प्रवास आणि राहणं फीमध्ये धरूनच हिशेब करा. शाळेत कायम नोकरी हवी असेल तर बी.पी.एड.ला, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या पदवीला, पर्याय नाही, डी लायसन्स तिथं चालत नाही. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा डिप्लोमा हा तिसरा मार्ग. वेळ जास्त मागतो, पण सरकारी कोचिंगच्या जागांसाठी त्याचं वजन आहे.

सरावाचा आराखडा कागदावर लिहून खिशात ठेवा. दहा वर्षांखालच्यांना एक तास पुरे. सुरुवातीला धावण्याच्या फेऱ्या नकोत, जितके बॉल तितक्यांच्या पायात द्या आणि आखलेल्या चौकोनात एकमेकांना चुकवत फिरू द्या, तोच वॉर्मअप. मग आठ पावलांच्या चौकोनात चौघं बाहेर, एक मध्ये. मधल्यानं बॉल हिसकायचा. शेवटची वीस-पंचवीस मिनिटं चारास चारच्या मॅच, तीन-चार एकदम. अकरास अकरा खेळवायची घाई शाळांना असते, तुम्हाला नको. हेडिंग, म्हणजे डोक्यानं बॉल मारणं, तेही लहानांना नको. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननं २०२० मध्येच प्राथमिक शाळेच्या वयातल्या मुलांच्या सरावातून ते काढायला सांगितलं.

भाषेची तयारी कुठल्याच कोर्समध्ये नसते. पूर्व भागातली पोरं आपसात तेलुगू बोलतात, कुणी कन्नड, कुणी दखनी, आणि मैदानावर सगळे मिळून ‘का बे, दे की बॉल!’ म्हणतात. वळ, थांब, मागे बघ, इकडे पास दे, एवढे शब्द तिन्ही भाषांत पाठ करा. पाच मिनिटं समजावण्यापेक्षा एकदा करून दाखवा, म्हणजे भाषेचा प्रश्नच उरत नाही.

ऊन हा आपल्याकडचा खरा प्रतिस्पर्धी. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा सकाळी सहाला सुरू करून साडेसातला बंद. दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी, तहान लागो न लागो. नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून घरून बाटली आणणं सक्तीचं करा आणि दोन जार स्वतः भरून न्या. पेटीत ओआरएस, बर्फ, क्रेप बँडेज, जंतुनाशक, कात्री. पोराला गरगरलं, ते असंबद्ध बोलायला लागलं तर सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता आणि १०८ लावा. सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलं तर छाती दाबून द्यायचा प्रथमोपचार, कुणाकडून तरी प्रत्यक्ष शिकून घ्या.

प्रत्येक पोराच्या जन्मदाखल्याची प्रत, पालकांचा नंबर, दमा किंवा फिट येत असेल तर त्याची नोंद, हे पहिल्याच आठवड्यात. एकट्या मुलाला गाडीवर घेऊन जाणं, बंद खोलीत बोलावणं टाळा. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा २०१२ चा आहे आणि त्यात गैरप्रकार कळूनही न कळवणं हासुद्धा गुन्हा आहे. मुलींची बॅच काढणार असाल तर कपडे बदलायला जागा, मैदानावर एक बाई आणि अंधाराआधी सुटी, या तीन गोष्टी झाल्याशिवाय जाहीर करू नका. त्या असल्या की पालक पाठवतात.

पालक दोनच गोष्टी विचारतात: मार्क मिळतील का, नोकरी लागेल का. ठरावीक स्तरावर खेळलेल्यांना दहावी-बारावीत क्रीडा गुण मिळतात आणि राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. नियम जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून ताजे विचारून घ्या आणि कुणाच्याही पोराच्या बाबतीत शब्द देऊ नका.

पैशाचं स्पष्टच सांगतो: पहिल्या वर्षी हातातली नोकरी सोडू नका. उन्हाळी शिबिरात पोरं भरपूर येतात, जूनमध्ये निम्मी गळतात. पावसाळ्यात शाळांच्या टीमचा सुब्रतो कप, आणि चौदा, सतरा, एकोणीस वर्षांखालच्या शालेय स्पर्धा; तेव्हा शाळांना तुमची गरज असते, मानधनाचं तेव्हाच बोला. दिवाळीनंतर पुन्हा जमवाजमव. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीची पोरं येणारच नाहीत, त्यांच्याकडून त्या महिन्यांची फी घेऊ नका. लहान गट मात्र बंद पाडू नका, आठच पोरं आली तरी चारास चार होतं.