जुन्या उघड्या स्पोर्ट्स गाडीला तीन-बिंदू सीट बेल्ट बसवताना: एमजीएचं उदाहरण

सीट बेल्ट बाजारात तयार मिळतो. त्याच्या पट्ट्याची आणि बकलची ताकद कारखान्यात तपासलेली असते. तो गाडीला जिथे बांधायचा, त्या जागेची ताकद मात्र कोणी तपासलेली नसते, आणि १९५०च्या दशकातल्या उघड्या ब्रिटिश गाड्यांची खरी अडचण तिथेच आहे. १९५५ ते १९६२ या काळात बनलेली एमजीए घ्या. खाली पोलादी बॉक्स-सेक्शनचा चॅसिस, त्यावर वेगळी बॉडी, पायाखाली प्लायवूडच्या फळ्या. छप्पर कापडी, आणि दारामागे आजच्या गाडीसारखा खांब नाही. एमजी टीडी, टीएफ किंवा मॉर्गन असेल तर बॉडीचा सांगाडाच ॲश लाकडाचा असतो. प्लायवूड, ॲश किंवा मागच्या डेकचा पातळ पत्रा, यांपैकी कशातच पट्ट्याचा बोल्ट मारायचा नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्र. १४ नुसार मोटारीच्या तीन-बिंदू पट्ट्याच्या जोडण्यांची चाचणी घेताना कमरेच्या भागावर १३,५०० न्यूटन आणि खांद्याच्या भागावर १३,५०० न्यूटन असा ओढा एकाच वेळी लावतात. म्हणजे प्रत्येकी पावणेचौदाशे किलोच्या आसपास. प्लायवूडमध्ये मोठा वॉशर घालून कसलेला बोल्ट एवढ्या ओढ्याला वॉशरसकट फळीतून उपसून येतो. शेवटी सगळा भार चॅसिसवर गेलाच पाहिजे.

पट्टा कोणता घ्यावा

इनर्शिया रीलचा (एरवी मोकळा सुटणारा, झटका बसताच अडकणारा) तीन-बिंदू पट्टा घ्यावा. नुसता कमरेचा पट्टा पुरत नाही. या गाड्यांचा स्टिअरिंग कॉलम ताठ असतो, धडकेत दबत नाही, आणि कमरेतून दुमडलेल्या माणसाची छाती व तोंड थेट चाकावर आदळतं. रेसिंगचा चार-बिंदू हार्नेस दिसायला भक्कम वाटतो, पण मांड्यांमधला पट्टा नसेल तर खांद्याचे पट्टे कमरेचा पट्टा वर पोटावर ओढून घेतात. शिवाय रस्त्यावर रोज वापरताना तो सैल बांधला जातो, आणि सैल हार्नेसचा काही उपयोग नाही.

पट्ट्यावरचं लेबल वाचा. वर्तुळात ‘ई’ आणि देशाचा क्रमांक हवा. त्याशेजारी ‘एआर४एम’ असं लिहिलेलं असतं: ‘ए’ म्हणजे तीन-बिंदू, ‘आर’ म्हणजे रील, ‘४’ म्हणजे धक्का बसल्यावर आपोआप अडकणारी रील, आणि ‘एम’ म्हणजे गाडीचा वेग झपकन कमी झाला तरी अडकणारी आणि पट्टा झटक्याने ओढला तरी अडकणारी. भंगारातला पट्टा स्वस्तात मिळाला तरी नको. तो आधी एखाद्या अपघातात ताणला गेला आहे की नाही, हे डोळ्यांना दिसत नाही. नव्या गाडीतून काढलेल्या रीलमध्ये प्रीटेन्शनर (धडकेत पट्टा आवळणारं यंत्र) असेल तर आत स्फोटक असतं. ते तुमच्या गाडीत योग्य वेळी पेटणार नाही, आणि काम करताना हातात पेटू शकतं.

खांद्याचा कोन

या कामात सर्वांत जास्त चुका इथे होतात. एमजीएचा मागचा डेक बसलेल्या माणसाच्या खांद्यापेक्षा बराच खाली आहे. डेकजवळ किंवा चाकाच्या कमानीवर पट्टा बांधला की तो खांद्यावरून तीव्र उताराने मागे जातो, आणि धडकेच्या वेळी खांदा खाली दाबतो. तो दाब पाठीच्या कण्यावर येतो. समजा पट्ट्यात ४,००० न्यूटन ताण आहे. उतार ४५ अंशांचा असेल तर त्यातला सुमारे २,८०० न्यूटन, म्हणजे २८५ किलोच्या आसपास, सरळ खाली दाबतो. उतार २० अंशांवर आणला की तोच दाब १४० किलोवर येतो. म्हणून २० अंशांच्या आत राहण्याचा प्रयत्न करावा. ४५ च्या जवळ जाऊच नये.

मोजायला एक दोरी आणि ओळंबा पुरतो. जो गाडी चालवणार त्यालाच बसवा, आसन त्याच्या नेहमीच्या जागी ठेवा आणि खांद्यापासून ठरवलेल्या बिंदूपर्यंत दोरी ताणा. बिंदू खांद्याच्या ३०० मिमी मागे असेल तर २० अंशांसाठी तो खांद्यापेक्षा ११० मिमीहून जास्त खाली चालणार नाही. बहुतेक एमजीएंमध्ये या उंचीवर धरायला काहीच नसतं.

त्यामुळे आमच्या मते खरा उपाय एकच: चॅसिसला बोल्टने बसवलेली, मागे दोन तिरपे आधार असलेली रोल बार, म्हणजे आसनांमागची पोलादी कमान. जोड नसलेली पोलादी नळी घ्या, ४५ मिमी व्यासाची आणि २.५ मिमी जाडीची. खांद्याच्या उंचीला आडवी नळी जोडून तिच्यात आट्यांचे बुश वेल्ड करा; डी-लूप, म्हणजे पट्टा जिच्यातून वळतो ती कडी, तिथे बसेल. रील खाली चॅसिसवरच्या ब्रॅकेटला लावा आणि पट्टा वर नेऊन डी-लूपमधून पुढे आणा. डी-लूपवर वर येणारा आणि पुढे जाणारा असे पट्ट्याचे दोन्ही पदर ओढ देतात, म्हणून तिथला बुश सगळ्यात जाड हवा. नळी कापण्याआधी पुठ्ठ्याचा साचा करून हूडचा, म्हणजे कापडी छपराचा, सांगाडा लावून आणि मिटवून, दोन्ही प्रकारे पाहा. एमजीएचं हूड आसनांमागेच मिटतं, आणि बारचे पाय बरोबर त्याच्या वाटेत येतात.

खालच्या जोडण्या

दोन आसनांना मिळून आठ बोल्ट लागतात: प्रत्येकी रील, डी-लूप, बाहेरचा खालचा टोक-पट्टा आणि बकल. आटे ७/१६ इंच यूएनएफ, २० आटे प्रति इंच. पट्ट्यासोबत आलेलेच बोल्ट वापरा. त्यांना मानेशी पायरी असते. बोल्ट पूर्ण कसला तरी पायरीमुळे पट्ट्याच्या टोकाची धातूची पट्टी मोकळी फिरते. हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट कसला की पट्टी जखडते आणि पट्टा वाकड्या रेषेत ओढला जाऊन कडेला फाटतो. टॉर्क साधारण ४० न्यूटन-मीटर. माहितीपत्रकात वेगळा आकडा असेल तर तो पाळा.

कमरेच्या पट्ट्याचा जमिनीशी कोन ४५ ते ६० अंशांच्या मध्ये ठेवा. याहून आडवा असेल तर पट्टा पोटावर चढतो. बकल कमरेच्या हाडाच्या बाजूला यावं, पोटासमोर नाही.

बाहेरची जोडणी चॅसिसच्या बाजूच्या गर्डरवर येते. गर्डर पोकळ आहे, त्यामुळे आरपार भोक पाडून बोल्ट कसला तर दोन्ही भिंती आत दबतात, आणि काही महिन्यांत बोल्ट सैल होतो. आत जाड नळीचा तुकडा, म्हणजे स्लीव्ह, घालून तो दोन्ही टोकांना वेल्ड करावा लागतो. वेल्डिंगआधी दोन्ही ६ व्होल्टच्या बॅटऱ्या आणि पेट्रोलची टाकी गाडीतून काढा. बॅटऱ्या आसनांच्या मागेच असतात. भोक पाडण्याआधी ब्रेकची नळी, पेट्रोलची नळी आणि वायरिंग कुठून जातं ते खाली पडून स्वतः पाहा. काम झालं की गर्डरच्या आत मेण फवारा, नाहीतर जळलेल्या रंगाच्या जागी गंज लागतो.

पत्र्यातून जाणाऱ्या प्रत्येक जोडणीमागे निदान ३ मिमी जाड आणि ४० चौ. सेंमी क्षेत्रफळाची प्लेट हवी. ८० × ५० मिमी चालते. कोपरे कानशीने गोल करा, टोकदार कोपरा ताणाखाली पत्रा कापतो. बकलसाठी टनेलच्या (दोन आसनांमधल्या पत्र्याच्या उंचवट्याच्या) आतून प्लेट लावताना नट तिलाच वेल्ड करा आणि बोल्ट बाहेरून घाला. बोल्टचं टोक आत डोकावलं तर मागचा ॲक्सल उसळल्यावर प्रोपेलर शाफ्ट (मागच्या चाकांना फिरवणारा लांब दांडा) त्याला घासतो. टनेल नुसता स्क्रूने बसवलेला असेल तर बकल त्याच्यावर टाकू नका, क्रॉस मेंबरपासून (चॅसिसच्या आडव्या तुळईपासून) ब्रॅकेट आणा. आसनाच्या रुळांचे बोल्टही प्लायवूडखाली प्लेट घालूनच कसा. आसन सुटलं तर पट्ट्याचे सगळे कोन बिघडतात.

रील आणि नोंदणी

रीलच्या आत गुरुत्वाकर्षणावर चालणारी गोळी किंवा लंबक असतो. ठरलेल्या स्थितीपासून १२ अंशांपर्यंत रील कलली तर ती अडकू नये आणि २७ अंशांच्या पुढे अडकलीच पाहिजे, असा नियम आहे. म्हणून ती कोणत्या कोनात बसवायची हे माहितीपत्रकात पाहून ओळंब्यानेच लावा. थोडी तिरकी बसली तर घाटाच्या चढावर पट्टा बाहेरच येत नाही, आणि वैतागून लोक तो लावणं सोडून देतात.

भारतात ५० वर्षांपेक्षा जुन्या गाडीची २०२१च्या नियमांखाली व्हिंटेज म्हणून नोंदणी करायची असेल तर चॅसिस, बॉडी शेल आणि इंजिन मूळ रूपात असावं लागतं. म्हणून गर्डरला भोक पाडण्याआधी आरटीओत विचारून घ्या. न कापता करायचं तर ५ मिमी प्लेटचं, गर्डरला कवेत घेणारं सॅडल बनवा आणि ते पुढच्या बाजूने आउटरिगरला (गर्डरपासून बाहेर निघालेल्या आधाराला) किंवा क्रॉस मेंबरला टेकेल असं बसवा. टेकायला काही नसेल तर ते ओढ्याने पुढे घसरेल. तिथे सॅडल चालणार नाही. गाडी ब्रिटनमध्ये असेल तर १ जानेवारी १९६५ पूर्वी पहिल्यांदा वापरात आलेल्या गाडीला पट्टे सक्तीचे नाहीत, पण बसवले की लावावेच लागतात.

मोकळ्या जागी २५–३० किमी वेगाने जाऊन ब्रेक दाबा, दोन्ही रील अडकतात का पाहा. १०० किमीनंतर आठही बोल्ट पुन्हा टॉर्क पान्याने तपासा. उघड्या गाडीत पट्ट्याला ऊन आणि पाऊस थेट लागतो. रंग उडालेला, ताठ झालेला किंवा काठ विरलेला पट्टा पूर्ण संचासकट बदला. मोच्याकडून शिवून घेऊ नका. अपघातात ताणलेला पट्टा वरून चांगला दिसला तरी बोल्टसकट बदलायचा.