ओट्यावर शिकवा 'हाउ मेनी' आणि 'हाउ मच'

लहान मुलांना इंग्रजीतल्या मोजता येणाऱ्या आणि न येणाऱ्या नामांच्या व्याख्या पाठ करायला लावू नका. ओट्यावर चार लिंबं, दोन अंडी ठेवा. शेजारी पातेल्यात दूध. लिंबं, अंडी थेट मोजता येतात, म्हणून 'हाउ मेनी'. दूध मोजायला आधी भांडं लागतं, म्हणून 'हाउ मच'. मग तेच दूध दोन कपांत ओता: 'टू कप्स ऑफ मिल्क'. आता मोजले ते कप, दूध नव्हे. हे मुलांच्याच तोंडून येऊ द्या, घाई करू नका. तांदळाला मात्र दाणे असूनही 'राइस'चं अनेकवचन होत नाही. दाणे मोजत कोण बसणार, एवढं सांगितलं तरी पुरतं. खरी अडचण ब्रेड, फर्निचर, होमवर्क यांची: मोजता येतील असं वाटतं, पण इंग्रजीत त्यांनाही 'हाउ मच'च. तिथे तर्क लढवू नका. नाश्त्याला 'टू स्लाइसेस ऑफ ब्रेड' असं अख्खंच म्हणायची सवय लावा.