कॅलरी मोजायला स्वस्तातला हार्ट रेट मॉनिटर घ्यायचाय? ऑर्डर करायच्या आधी एवढी तयारी करून ठेवा

मागच्या आठवड्यात वहिनीचा फोन आला, सेल चालू आहे, तीन हजारांपर्यंत बजेट आहे, रोज सकाळी तळजाई टेकडीवर चालायला जाते तर किती कॅलरी जळतात ते बघायचंय, पटकन सांग कुठला घेऊ. मी म्हटलं वहिनी, पटकन नको, आधी कागद-पेन घे आणि चार-पाच गोष्टी लिहून काढ, मग कुठला घ्यायचा ते तुझं तुलाच कळेल. तिला फोनवर जे सांगितलं तेच इथे जरा नीट लिहितेय, कारण हा प्रश्न बऱ्याच जणींना पडलेला असतो आणि पैसे भलतीकडेच जातात.

पहिलं काम म्हणजे स्वतःची नाडी स्वतः मोजायला शिकायचं, हे मॉनिटर घ्यायच्या आधीच, नंतर नाही. सकाळी जाग आल्यावर अंथरुणातच पडून, चहाच्या आधी, मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवून 30 सेकंद ठोके मोजायचे आणि दुप्पट करायचे, सलग चार दिवस, आणि चारही आकडे लिहून ठेवायचे. मग एक दिवस चालून आल्या-आल्या, थांबल्याबरोबर 15 सेकंद मोजून चारने गुणायचं. मनगटावर सापडत नसेल तर गळ्याला एका बाजूला हलक्या बोटाने, दोन्ही बाजू एकदम दाबायच्या नाहीत. हे आकडे तुमच्याकडे नसतील तर उद्या घड्याळ जे दाखवेल ते खरं मानण्याशिवाय तुमच्या हातात काही उरत नाही. मी स्वतः आधी एक बिननावाचं हजार रुपयांच्या आतलं घड्याळ घेतलं होतं, पर्वतीच्या 103 पायऱ्या न थांबता चढून वर गेले, धाप लागलेली, गळ्यावर मोजलं तर 148 आणि घड्याळ शांतपणे 84 दाखवतंय. दुसऱ्या दिवशी खाली बसल्यावरही 84च्याच आसपास. तेव्हापासून मी कुणालाही सांगते की आधी बोटं, मग मशीन.

दुसरं, तुमचा व्यायाम नक्की कुठला ते खरं खरं लिहा, जो करायचा विचार आहे तो नाही, जो गेल्या महिन्यात झालाय तो. कारण कुठला प्रकार घ्यायचा हे सगळं यावरच ठरतं. मनगटावरच्या बँडमध्ये मागे हिरवे दिवे लुकलुकतात ना, तो हिरवा उजेड कातडीत जातो, रक्त तो शोषून घेतं, ठोक्यागणिक रक्त कमी-जास्त होतं तसा परत येणारा उजेड बदलतो आणि त्यावरून बँड ठोके मोजतो. म्हणजे बँड हृदय बघत नाही, मनगटातलं रक्त बघतो. चालताना, जागच्या जागी चालवायच्या सायकलवर, एका लयीत पळताना हे ठीक चालतं. पण सूर्यनमस्कार घालताना मनगट वाकलं की बँड कातडीपासून उचलला जातो, उजेड बाजूने आत शिरतो आणि आकडा गडबडतो. डंबेल्स घट्ट पकडले की तसंच. पळताना कधीकधी आणखी एक घोळ होतो, बँड ठोक्यांऐवजी पावलांचा ताल धरून बसतो, तुम्ही आरामात पळताय आणि तो 165-170 दाखवतोय.

छातीचा पट्टा म्हणजे चेस्ट स्ट्रॅप हा वेगळा प्रकार, तो हृदयाचे विजेचे सिग्नल थेट पकडतो, तत्त्व ईसीजीचंच. फिनलंडच्या पोलार कंपनीने 1982 सालीच असा बिनतारी मॉनिटर बाजारात आणला होता, म्हणजे हे तंत्र चांगलं मुरलेलं आहे. धावणं, एचआयआयटी (थोडा वेळ जोरात, थोडा वेळ हळू असा व्यायाम), दोरीवरच्या उड्या, जिने चढणं-उतरणं, जिथे हात सारखे हलतात आणि ठोके झपकन वर-खाली होतात तिथे पट्टाच घ्या असं माझं स्पष्ट मत आहे. पण सूर्यनमस्कारात साष्टांग घालताना पट्ट्यावरची सेन्सरची डबी छातीखाली टोचते हेही सांगते, आणि पोटावर झोपून करायची आसनं जास्त असतील तर दंडावर बांधायचा आर्मबँड बघा, तो उजेडानेच मोजतो पण दंडावर मांस जास्त आणि हालचाल कमी म्हणून मनगटापेक्षा बरा आकडा देतो. पोहणाऱ्यांनी मात्र वेगळं बघावं, पाण्यातून ब्लूटूथ पोचतच नाही, त्यामुळे रेकॉर्डिंग स्वतःमध्येच साठवणारं मॉडेल लागतं आणि ते स्वस्तात बसणं अवघड.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आणि तीच कुणी विचारत नाही, गोळ्या. घरातल्या कुणासाठी घेत असाल तर बीपीची कुठली गोळी चालू आहे ते पाकिटावर वाचा. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल अशी ज्यांच्या नावाच्या शेवटी लॉल येतं ती बहुतेक बीटा ब्लॉकर असतात, आणि ही औषधं ठोके फारसे वाढू देत नाहीत. माझ्या मावशीचं असंच होतं, ती घामाघूम होईपर्यंत चालायची आणि आकडा शंभरच्या वर जाईना, घड्याळाच्या हिशोबाने तिने काही केलंच नव्हतं आणि ती बिचारी खट्टू होऊन जास्त चालायला लागली. हे अजिबात करू नका. अशा माणसांनी ठोक्यांवरून कॅलरी मोजू नये, किती वेळ आणि किती अंतर चाललो एवढंच धरावं आणि किती जोर लावायचा ते डॉक्टरांना विचारावं. पेसमेकर असेल तर पट्टा बांधायच्या आधी डॉक्टरांना विचारायचंच. ठोके अनियमित असतील तर बँडचे आकडे भरवशाचे नाहीत. आणि मनगटावर गोंदण किंवा गडद टॅटू असेल तर तिथे उजेड अडतो, दुसऱ्या हातावर बांधा.

आता कॅलरीचं. मॉनिटर कॅलरी मोजत नाही हो, तो ठोके मोजतो आणि कॅलरीचा अंदाज काढतो. खरी कॅलरी मोजायची तर तोंडाला मास्क लावून किती ऑक्सिजन वापरला ते बघावं लागतं, एक लिटर ऑक्सिजनला साधारण 5 किलोकॅलरी. ठोके वाढले म्हणजे ऑक्सिजन जास्त लागला असं धरून सगळी गणितं चालतात. 2005 साली कीटेल नावाच्या संशोधक आणि सहकाऱ्यांनी दिलेलं एक सूत्र उघड उपलब्ध आहे, बायकांसाठी ते असं: ठोके गुणिले 0.4472, त्यातून वजन गुणिले 0.1263 वजा, त्यात वय गुणिले 0.074 मिळवा, त्यातून 20.4022 वजा, आणि जे येईल त्याला 4.184 ने भागा की मिनिटाला किती किलोकॅलरी ते येतं. वहिनीचं वय 42, वजन 70 किलो, सरासरी ठोके 125 धरले तर मिनिटाला साधारण 7.1, म्हणजे 40 मिनिटांचे 285. आता त्याच चालण्यात घड्याळाने 125 ऐवजी 105 वाचले तर 200च येतात. वीस ठोक्यांची चूक आणि 85 कॅलरी गायब, जवळजवळ एका पोळीएवढ्या. म्हणून ठोके नीट वाचणारं यंत्र पाहिजे, बाकी फीचर्स राहू देत.

आणि ठोके बरोबर असले तरी अंदाज तो अंदाजच. 2017 साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लोकांनी मनगटावरची सात यंत्रं 60 जणांवर तपासली, ठोक्यांच्या बाबतीत सातातल्या सहांची चूक पाच टक्क्यांच्या आत होती, पण कॅलरीत सगळ्यात चांगल्या यंत्राची सरासरी चूक 27 टक्के आणि सगळ्यात वाईटाची 93 टक्के. ती काही स्वस्त यंत्रं नव्हती, नावाजलेली होती. तेव्हा दहा हजारांचं घेतलं म्हणजे कॅलरी अचूक येतील या आशेवर जास्त पैसे घालू नका, आणि घड्याळ 300 म्हणालं म्हणून 300चा वडापाव खाऊन हिशोब बरोबर करायला जाऊ नका.

म्हणून एक ताळा आधीच करून ठेवायचा. भरभर चालणं, म्हणजे तासाला साडेपाच किलोमीटरच्या आसपास, हे साधारण 4.3 मेट धरतात, आणि एक मेट म्हणजे तासाला दर किलो वजनामागे एक किलोकॅलरी. 70 किलोला 40 मिनिटांचे होतात 200. वरच्या सूत्राने 285 आले, याने 200, म्हणजे खरं उत्तर इथेच कुठेतरी आहे असं समजायचं. घड्याळ 220 दाखवो की 270, चालेल. पण त्याच चालण्याला 550 दाखवत असेल तर एकतर अ‍ॅपमध्ये वजन चुकीचं भरलंय नाहीतर यंत्र परत करायचं. अजून एक, अ‍ॅपमध्ये टोटल आणि अ‍ॅक्टिव्ह असे दोन आकडे असतात. टोटलमध्ये नुसतं बसून राहिलो असतो तरी जळल्या असत्या त्या कॅलरीही धरलेल्या असतात, 70 किलोच्या माणसाच्या 40 मिनिटांत साधारण 47. वजन कमी करायचा हिशोब ठेवत असाल तर अ‍ॅक्टिव्ह बघा आणि कायम तोच बघा, आज हा उद्या तो असं नको.

अ‍ॅप सुरू केल्यावर वय, उंची, वजन, बाई की पुरुष हे खरं भरायचं. वजन पाच वर्षांपूर्वीचं नको, सकाळी काट्यावर उभं राहून जे येईल ते, आणि दर महिन्याला बदलायचं. जास्तीत जास्त ठोके अ‍ॅप बहुतेक 220 वजा वय असे धरतं, पण वय वाढलं की 208 वजा वयाच्या 0.7 पट हे सूत्र जास्त जवळ जातं. साठीच्या माणसाला पहिल्याने 160 येतात आणि दुसऱ्याने 166. बदलायची सोय असेल तर बदला.

आता दुकानात किंवा ऑनलाइन काय बघायचं. बँड घेत असाल तर बघा की व्यायामाच्या मोडमध्ये तो सलग मोजतो का, कारण दिवसभराच्या मोडमध्ये बॅटरी वाचवायला काही बँड दहा मिनिटांनी, अर्ध्या तासाने एकदाच मोजतात आणि मधलं सगळं अंदाजाने भरतात. नुसतं बांधून चालायला निघायचं नाही, वॉक मोड चालू करायचा हे त्यामुळे. पट्टा घेत असाल तर ब्लूटूथ आणि एएनटी प्लस (ब्लूटूथसारखीच दुसरी बिनतारी जोडणी) दोन्ही आहे का बघा, म्हणजे फोन आणि सायकलचा कॉम्प्युटर दोन्हीला जोडता येतो आणि एकाच कंपनीच्या अ‍ॅपवर अडकून राहावं लागत नाही. बॅटरी साध्या नाण्यासारख्या सेलची, सीआर2032 किंवा सीआर2025, कुठल्याही घड्याळजीकडे मिळते. कापडी पट्टा वेगळा विकत मिळतो का हेही बघा, कारण डबी वर्षानुवर्षं टिकते, पट्टा घामाने जातो. शिवायच्या टेपने छातीचा घेर मोजून घ्या, बायकांनी ब्राच्या खालच्या पट्टीच्या जागी मोजायचा. रक्तातला ऑक्सिजन, ताण, शंभर वॉच फेस, कॉलिंग, यातल्या कशानेही कॅलरीचा आकडा सुधारत नाही, त्याचे पैसे देऊ नका. किमती सारख्या बदलतात, पण बरा बँड दीड ते तीन हजारांत आणि साधा पट्टा तीन ते पाच हजारांत बसतो, सेलमध्ये त्याहून थोडा खाली.

वहिनीचं उत्तर इथे आलं. ती चालते, पळत नाही, गोळी नाही, सूर्यनमस्कार आठवड्यातून एकदा. तिने बँडच घ्यावा. फक्त तिच्या हातात बांगड्या असतात आणि बँड बांगड्यांमध्ये घसरत राहतो, तर चालायला जाताना ज्या हातात बांगड्या कमी त्या हातावर, मनगटाच्या हाडापासून बोटभर वर, हलणार नाही एवढा घट्ट पण खूण उठणार नाही असा बांधायचा. पट्टा घेतला असता तर लांब मंगळसूत्र डबीवर आपटत राहतं, ते आत सरकवायचं किंवा चालताना छोटं घालायचं. आणि पट्टा कोरडा बांधायचा नाही, आतल्या रबरी जागा पाण्याने ओल्या करायच्या, नाहीतर पहिली पाच-दहा मिनिटं घाम येईपर्यंत वाटेल ते आकडे येतात. घरी आल्यावर डबी काढून ठेवायची, ओल्या पट्ट्याला लावून ठेवली की ती चालूच राहते आणि सेल संपतो, आणि पट्टा साध्या पाण्याने खळबळून सावलीत वाळवायचा. पावसाळ्यात हे केलं नाही तर वास येतो आणि छातीखाली पुरळ उठतं.

वस्तू घरी आली की रिटर्नची मुदत किती दिवस आहे ते आधी बघा आणि तेवढ्यात तीन परीक्षा घ्या. शांत बसून, बोटांनी मोजा आणि पडद्यावर बघा. दहा मिनिटं भरभर चालून लगेच तेच. मग तीन मजले जिना चढून लगेच तेच, आणि थांबल्यावर मिनिटभराने पुन्हा, कारण बरं यंत्र ठोके खाली येतानाही दाखवतं. पाच-सात ठोक्यांचा फरक धरू नका, तो मोजण्यातच होतो. वीसचा फरक येत असेल तर बँड जरा वर सरकवून, घट्ट करून पुन्हा एकदा बघा, तरी येत असेल तर परत करा, सवय होईल म्हणून ठेवून घेऊ नका. या परीक्षा शक्यतो सकाळीच घ्या, एप्रिल-मेच्या दुपारी उन्हानेच ठोके वाढतात आणि घड्याळ त्याच्याही कॅलरी धरतं. खोका, बिल आणि चार्जरची वायर तोपर्यंत एकाच पिशवीत, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी.