गाडीत खरंच चांगला आवाज पाहिजे ना भाऊ, मग आधी दरवाजा खोला

आपल्याकडे नवी गाडी आली की पहिला प्रश्न हाच, बास किती इंची टाकायचा. जळगाव असो, धुळं असो, नंदुरबार असो, डिकीत मोठा डबा टाकला आणि काचा थरथरल्या म्हंजे सिस्टीम भारी. बास मलाही खूप आवडतो, पण चांगला आवाज म्हंजे अहिराणी गाणं लावलं की गाणारीचा शब्द न् शब्द कळला पाहिजे, पावरी समोर डॅशबोर्डवर वाजतेय असं वाटलं पाहिजे आणि ढोलाचा ठोका पोटात लागून तिथेच थांबला पाहिजे, मागे गुंगगुंग राहायला नको. एवढं मिळवायला लाखभर रुपये लागत नाहीत. दरवाजा, वायर आणि सेटिंग या तीन गोष्टी नीट करा, अर्ध्याहून जास्त काम तिथेच होतं.

दरवाजापासूनच सुरू करू कारण तोच सगळे सोडून देतात. स्पीकरचा कोन पुढे हवा ढकलतो तेव्हा मागे तीच हवा ओढतो, म्हंजे पुढचा आवाज आणि मागचा आवाज एकमेकाच्या उलटे असतात. दरवाज्याच्या आतल्या पत्र्याला मोठमोठी भोकं असतात, त्यातून मागचा आवाज पुढे येतो आणि दोघं मिळून बास खाऊन टाकतात, वरून बाहेरचा पातळ पत्रा तेलाच्या रिकाम्या डब्यासारखा स्वतःच वाजतो. मग माणूस म्हणतो स्पीकरमध्ये दम नाही आणि अजून महागडा घेऊन येतो.

उपाय डॅम्पिंग शीटचा, म्हंजे पत्र्याची थरथर शोषणाऱ्या चिकट शीटचा. दरवाज्याचं आतलं पॅड काढून बाहेरच्या पत्र्याला आतून शीट चिकटवायची, पूर्ण झाकायची गरज नाही, पाव ते तिसरा हिस्सा झाकला तरी पत्र्याचा टणटणाट बसतो, बोटाने ठोकून पाहा, टण्ण चं ठक्क झालं की समजा जमलं. आतल्या पत्र्याची भोकं मात्र नीट बंद करा, तिथे कंजुसी नको. आणि भाऊ, शीट ब्यूटाइलचीच (एक प्रकारचं रबर) घ्या, डांबराची स्वस्त शीट कोणी कितीही गळ्यात मारली तरी नको, आपल्याकडे मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या आसपास जातो आणि उन्हात उभ्या गाडीचा पत्रा त्याहून कितीतरी जास्त तापतो, डांबर तिथे मऊ पडतं, सुटून खाली घसरतं आणि वासानं गाडीत बसवत नाही. चिकटवायच्या आधी पत्रा स्पिरिटने पुसा, कपाशीच्या वावरातून जाणाऱ्या रस्त्यांवरची काळी बारीक धूळ दरवाज्याच्या आत बसलेली असते, तिच्यावर काहीच चिकटत नाही. मग रोलर फिरवून दाबून बसवा. थंडीच्या सकाळी काम करत असाल तर शीटला हेअर ड्रायरने थोडी ऊब द्या.

दोन गोष्टी सांभाळा. दरवाज्याच्या तळाला पाणी निघायची भोकं असतात ती बुजवू नका, नाहीतर पावसाळ्यात पाणी आत साचून पत्रा सडतो. आणि आतल्या बाजूचा प्लॅस्टिकचा पडदा फाडून फेकू नका, तो पाणी अडवायलाच आहे.

स्पीकर घ्यायला जाल तेव्हा डब्यावर मोठ्या अक्षरात ३००-४०० वॅट लिहिलेलं असतं तिकडे पाहूच नका, आरएमएस, म्हंजे सतत झेपणारी ताकद, किती ते पाहा. डेकवर (डॅशबोर्डमधला गाणी वाजवणारा प्लेयर) पण ५० गुणिले ४ लिहिलेलं असतं, ती कमाल ताकद, सतत देतो तो १५ ते २२ वॅट एका चॅनलला. म्हणून अ‍ॅम्प (ताकद वाढवणारं वेगळं मशीन) लावणार नसाल तर ज्या स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हंजे तेवढ्याच वॅटमध्ये आवाज किती देतो ते, जास्त तो घ्या, ३ डीबी जास्त म्हंजे अर्ध्या ताकदीत तेवढाच आवाज. पुढे साडेसहा इंची कॉम्पोनंट लावा, त्यात ट्विटर (बारीक आवाजांचा छोटा स्पीकर) वेगळा वर येतो म्हणून आवाज पायाजवळून न येता समोरून येतो. ट्विटर समोरच्या काचेशेजारच्या खांबावर लावायचा असेल तर तिथे पडद्यासारखी उघडणारी (कर्टन) एअरबॅग आहे का ते आधी बघा, असेल तर तिथे काही ठोकायचं नाही, हा विषय जीवाचा आहे. मागच्या दरवाज्यांना खर्च करू नका असंच मी सांगेन, गाणं समोरून ऐकायचं असतं. स्पीकरची खोली मोजून घ्या, काच पूर्ण खाली केल्यावर मॅग्नेटला लागायला नको. स्पीकरखालची रिंग साध्या एमडीएफची नको, पाणी लागलं की फुगते, मरीन प्लाय किंवा प्लॅस्टिकची चालते.

वायरिंग करताना गाडीची मूळ वायर कापू देऊ नका, तुमच्या मॉडेलचं कपलर मिळतं ते लावा, वॉरंटीचा वाद होत नाही. अ‍ॅम्प असेल तर बॅटरीपासून ४५ सेंटीमीटरच्या आत फ्यूज पाहिजेच, वायर कुठे घासून पत्र्याला लागली तर हाच फ्यूज आग लागू देत नाही. वायर शुद्ध तांब्याची घ्या, बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची भरपूर मिळते, चाकूने खरवडून पाहा आतून पांढरी निघाली तर परत करा. अर्थिंग जवळच्या जाड पत्र्याला, रंग पूर्ण खरवडून, बोल्ट घट्ट आवळून. पॉवरची वायर एका बाजूने आणि आरसीए (गाण्याचा सिग्नल नेणारी वायर) दुसऱ्या बाजूने न्या. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून कुंईऽऽ आवाज चढतो ना, तो बहुतेक वेळा खराब अर्थिंगचा नाहीतर या वायरी शेजारी शेजारी टाकल्याचा असतो.

पॅड बसवायच्या आधी प्लस मायनस तपासा. दीड व्होल्टचा सेल घ्या, प्लस प्लसला टेकवला की कोन बाहेर सरकला पाहिजे. एक स्पीकर जरी उलटा लागला तरी बास गायब होतो आणि गायकाचा आवाज मध्यभागी न येता गाडीभर पसरतो.

आता सेटिंग, खरी मजा इथेच आहे. सगळ्यात आधी लाउडनेस, बास बूस्ट, सगळं बंद, इक्वलायझर सपाट. दरवाज्यातल्या स्पीकरला हाय पास (खालचा आवाज अडवणारं फिल्टर) ८० हर्ट्झला लावा, खालचा बास त्याच्याकडून करून घेऊ नका, तो फाटतो. सब (फक्त बासचा मोठा स्पीकर, सबवूफर) असेल तर त्याला लो पास, म्हंजे वरचा आवाज अडवणारं फिल्टर, ८० च्या आसपास. सब नसेल तर हाय पास ५०-६० ला आणा आणि ऐकून ठरवा.

अ‍ॅम्पचं गेन म्हंजे व्हॉल्यूम नव्हे, हे कृपया डोक्यात ठेवा. डेक किती व्होल्ट पाठवतो त्याला अ‍ॅम्प जुळवायचं बटण आहे ते. स्पीकर काढून ठेवा, डेकचा आवाज पाऊणपर्यंत न्या, पेनड्राइव्हवर ० डीबीचा टोन (एकसारखा सूर) वाजवा, स्पीकरसाठी १००० हर्ट्झ आणि सबसाठी ५०, मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून अ‍ॅम्पच्या आउटपुटला लावा. आकडा काढायचा असा, आरएमएस वॅट गुणिले स्पीकरचे ओहम, त्याचं वर्गमूळ. ७५ वॅट आणि ४ ओहम असेल तर १७.३ व्होल्ट, १०० वॅट असेल तर २०. गेन तिथपर्यंत फिरवा आणि थांबा. त्यापुढे आवाज फाटायला लागतो आणि आधी ट्विटर जळतो.

मग टाइम अलाइनमेंट, म्हंजे सगळ्या स्पीकरचा आवाज कानावर एकाच वेळी आणायचं सेटिंग, डेकमध्ये असेल तर वापराच. आपण उजवीकडे बसतो त्यामुळे उजवा स्पीकर जवळ, त्याचा आवाज आधी कानावर येतो आणि गाणं उजव्या दारात जाऊन बसतं. टेप घेऊन प्रत्येक स्पीकरपासून कानापर्यंतचं अंतर मोजा. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटीमीटर जातो. डावा १४० वर आणि उजवा ९५ वर असेल तर फरक ४५, म्हंजे उजव्याला १.३ मिलिसेकंद उशीर द्यायचा. पहिल्यांदा हे केल्यावर गायक एकदम समोर काचेजवळ येऊन उभा राहतो, त्यासाठीच हा सगळा खटाटोप. इक्वलायझर यानंतर, आणि वाढवण्यापेक्षा जे टोचतंय ते कमी करा, बऱ्याचदा २ ते ४ किलोहर्ट्झच्या आसपास थोडं उतरवलं की कर्कशपणा जातो. सेटिंग उभ्या गाडीत करा पण पक्कं करायच्या आधी धुळे-जळगाव हायवेला चक्कर मारा, टायर-रस्त्याचा घुमारा बास झाकतो, सबची लेव्हल तिथे एखाद दोन डीबी वाढवावी लागते.

सब घेताना बंद डब्याचा घ्या, ढोलाचा ठोका त्यात स्वच्छ येतो. सीएनजीच्या टाकीने डिकी भरली असेल तर सीटखालचा छोटा सबही चालतो. अ‍ॅम्प सीटखाली ठेवला तर वरून चटई नका टाकू, उन्हात बंद गाडीत तो आधीच तापलेला असतो, दुपारी चालता चालता मध्येच बंद पडला तर बहुधा उष्णतेने स्वतःला बंद केलंय, खिडक्या उघडून आधी गाडी थंड होऊ द्या.

आणि गाणी, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून आलेली आणि व्हिडिओतून काढलेली नकोत. लग्नाच्या सीझनमध्ये जी पेनड्राइव्ह हातोहात फिरते तिच्यात बहुतेक तीच असतात. फ्लॅक (दर्जा न घटवता साठवलेली फाइल) किंवा ३२० केबीपीएसची एमपी३ घ्या, ब्लूटूथपेक्षा यूएसबीने वाजवा.

सगळं जमलं की प्रत्येक सेटिंगच्या स्क्रीनचा फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा. मेकॅनिकने बॅटरी काढली की बऱ्याच डेकांचं सेटिंग उडतं.