मेच्या उन्हात कॉइल मोजताना

मागच्या मे महिन्यात अंबाजोगाईहून बीडला निघालो होतो. नेकनूर मागं पडलं आणि आमची पद्मिनी आचके देऊ लागली. मांजरसुंब्याला बंदच पडली. इंजिनातल्या ठिणगीसाठी जास्त व्होल्टची वीज बनवते त्या इग्निशन कॉइलला हात लावला तर चटका बसला. तिथला मिस्त्री म्हणाला, "लय तापू लालीय की हो काका, बदला कॉइल." पण ती आठवड्यापूर्वीच बदललेली होती! गार झाल्यावर गाडी निघाली. घरी येऊन मल्टीमीटर लावला, तर कॉइलचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, १.५ ओहम.

कॉइल खराब नव्हती. आमच्या गाडीची नव्हती.

पॉइंटवाल्या (पॉइंट म्हणजे कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा स्विच) जुन्या १२ व्होल्टच्या गाड्यांना दोन जातींच्या कॉइल येतात. एकीचा रोध साधारण ३ ओहम, तिला वायर थेट चावीकडून येते. दुसरीचा दीड ओहमच्या आसपास, आणि तिच्या वाटेत बॅलास्ट रेझिस्टर, म्हणजे करंट आवरणारा वेगळा रोध, असावाच लागतो. दिसायला दोघी सारख्या, म्हणून दुकानदारही फसतो. व्होल्टला ओहमनं भागलं की करंट निघतो. १२ भागिले ३ म्हणजे ४ अँपिअर, हे पॉइंटला झेपतं. बॅलास्ट नसताना दीड ओहमची बसवली तर ८ अँपिअर. माझे पॉइंट काळे पडून खड्डे पडले होते ते यामुळंच. उलटं झालं, बॅलास्टवाल्या गाडीत ३ ओहमची बसली, तर काही जळत नाही, पण ठिणगी मरतुकडी पडते.

मोजायचं असं. चावी बंद करा, कॉइलच्या सगळ्या वायरी काढा. मीटर २०० ओहमवर ठेवून आधी त्याच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवा. ०.३ वगैरे जे दिसेल ते पुढच्या आकड्यातून वजा करायचं. हे कुणी करत नाही, आणि दीड ओहमच्या मापात ०.३ ची चूक फार मोठी. मग पिना दोन बारक्या टर्मिनलवर लावा. हा झाला प्रायमरीचा, म्हणजे आतल्या जाड तारेच्या वेटोळ्याचा, रोध. मीटर २० हजारांवर नेऊन एक पीन मधल्या जाड भोकात आणि दुसरी बारक्या टर्मिनलवर लावली की सेकंडरी (बारीक तारेचं वेटोळं) कळते. ती बहुधा ६ ते १२ हजार ओहम भरते.

आता आपल्याकडच्या उन्हाचं. पुस्तकातले आकडे बहुधा २० अंशांचे असतात. तांब्याचा रोध दर १० अंशांना सुमारे ४ टक्के वाढतो. म्हणजे ३ ओहमची चांगली कॉइल मेच्या दुपारी, ४५ अंशांत, गाडी सुरू न करताही ३.३ दाखवते. तेवढ्यावरून ती फेकू नका. पण एकदा गार आणि एकदा दहा-बारा किलोमीटर चालवून आल्याआल्या, अशी दोनदा मोजाच. तापल्यावर आकडा उड्या मारू लागला किंवा मीटर काहीच दाखवेना, तर आत तार तुटलीय. गार असताना ती जोडली जाते, म्हणून सकाळी गॅरेजात कॉइल पास होते आणि दुपारी रस्त्यात दगा देते.

मीटरला एक गोष्ट मात्र सापडत नाही: आतलं इन्सुलेशन फुटून ठिणगी आतच उडणं. माप बरोबर येऊनही गाडी तापल्यावर बंद पडत असेल, तर आधी पॉइंटला जोडलेला, तिथली ठिणगी आवरणारा कंडेन्सर बदलून पाहा, मग खात्रीची दुसरी कॉइल लावून पाहा.

आणि इंजिन बंद असताना चावी चालू ठेवू नका. पॉइंट मिटलेले असतील तर करंट अखंड वाहतो आणि बरोबर जातीची कॉइलही भाजून निघते.

आता बसवलेल्या कॉइलवर मी पांढऱ्या ऑइलपेंटनं लिहून ठेवलंय: गार ३.१, गरम ३.६.