कमी पैशात छोटा रीफ टँक: चाळीस लिटरमध्ये समुद्र कसा सांभाळावा

खाऱ्या पाण्याचा टँक म्हटलं की बरेच जण आधी मासा निवडतात आणि मग तो मावेल अशी टाकी शोधतात. छोट्या रीफ टँकमध्ये, म्हणजे प्रवाळ वाढवायच्या टाकीत, हा क्रम चालत नाही. इथे सांभाळायचं असतं ते पाणी. टाकी लहान म्हणून काम सोपं, असंही नाही. दोनशे लिटरमध्ये पचणारी चूक चाळीस लिटरमध्ये रात्रीत भोवते. तरी मी चाळीस लिटरच सुचवतो, कारण प्रोटीन स्किमर (फेसातून घाण काढणारा), चिलर (पाणी थंड करणारा), डोसिंग पंप (क्षार थेंबथेंब घालणारा) या महागड्या यंत्रांचं बरंचसं काम इथे आठवड्याचा पाणीबदल आणि एक साधा पंखा करतो.

टाकी आणि सामान

४५ × ३० × ३० सेंमीची काचेची टाकी स्थानिक टँकवाल्याकडून बनवून घ्या, तयार ‘नॅनो किट’पेक्षा बहुधा स्वस्त पडते. भरल्यावर वजन पन्नास किलोच्या वर जातं, म्हणून टेबल मजबूत हवं आणि गवंड्याच्या लेव्हलने तपासून सपाट केलेलं हवं. खिडकीचं ऊन टाळा. बाकी यादी छोटी आहे: ताशी ५०० ते ८०० लिटर पाणी फिरवणारा पॉवरहेड (पाण्यात बुडवायचा छोटा पंप), रीफसाठीचा निळा-पांढरा एलईडी, थर्मामीटर, रिफ्रॅक्टोमीटर (पाण्याची क्षारता मोजणारं उपकरण) आणि अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट यांच्या टेस्ट किट. मुंबईत क्रॉफर्ड मार्केट आणि कुर्ल्याच्या दुकानांत चौकशी करा. टाकी आणि दिवा जुना घेतला तरी चालतो. रिफ्रॅक्टोमीटरवर मात्र पैसे वाचवू नका, आणि तो ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग क्षार) द्रावणाने जुळवून घ्या.

पाणी

नळाचं पाणी चालत नाही. घरच्या प्युरिफायरचंही सहसा नाही. बऱ्याच घरगुती आरओमध्ये टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज असतं आणि गाळून काढलेले क्षार चवीसाठी पुन्हा मिसळले जातात. मेंब्रेनमधून निघणारी नळी त्याआधीच वेगळी काढून तिला उरलेले क्षार शोषणारं डीआय रेझिनचं कार्ट्रिज जोडून घ्या. टीडीएस मीटरवर शून्य दिसलं पाहिजे.

मीठ रीफसाठीचंच घ्यायचं. स्वयंपाकाच्या मिठात प्रवाळाला लागणारं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम नसतं. जुहू किंवा गिरगावहून कॅन भरून आणायचा विचारही सोडा. शहराचं सांडपाणी तिथेच जातं, आणि पावसाळ्यात किनाऱ्याच्या पाण्याची क्षारता घसरते ती वेगळीच. लिटरला साधारण ३६ ग्रॅम मीठ लागतं. दगड-वाळूची जागा वजा जाता टाकीत ३५ लिटरच्या आसपास पाणी मावतं, म्हणजे पहिल्या भरणीला सव्वा किलो मीठ. पुढे आठवड्याला ४ लिटर बदललं तर वर्षाला साडेसात किलो. कायमचा खर्च मुख्यतः एवढाच, म्हणून मीठ मोठ्या बादलीतलं घ्या. साबण न लागलेल्या बादलीत पॉवरहेड लावून पाणी एक दिवस फिरू द्या. क्षारता ३५ पीपीटी हवी.

पाणी उडतं, मीठ उडत नाही. ३५ लिटरमधलं एक लिटर उडालं की क्षारता ३६ होते, दोन उडाले की ३७. म्हणून काचेवर चिकटपट्टीची खूण करा आणि रोज त्या खुणेपर्यंत गोडं पाणी (तेच शून्य टीडीएसचं, मीठ न घातलेलं) घाला. भर घालताना खारं पाणी वापरायचं नाही; नवशिक्यांच्या टाक्या इथेच बिघडतात.

उन्हाळा

पाणी २५ ते २७ अंशांत राहायला हवं. चिलर बजेटबाहेरचा, म्हणून पृष्ठभागावर तिरका छोटा पंखा लावा. बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरतं. पुण्या-नाशिकच्या कोरड्या हवेत हा उपाय छान चालतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत कमी चालतो, म्हणून तिथे टाकी एसीच्या किंवा घरातल्या सर्वांत थंड खोलीत हवी. एप्रिल-मेमध्ये दिव्याची वेळ संध्याकाळनंतर ढकला. उलट पुण्याच्या थंडीत ५० वॉटचा हीटर लागतो. वीज जाणाऱ्या गावात बॅटरीवरचा एअर पंप हाताशी ठेवा.

दगड आणि वाट पाहणं

तीन-चार सेंमी अ‍ॅरागोनाइट (चुनखडीची) वाळू आणि चार-पाच किलो कोरडा, सच्छिद्र रीफ रॉक पुरतो. दगड थेट काचेच्या तळावर टेकवून मगच वाळू घाला, नाहीतर वाळू उकरणारे जीव ढिगारा कोसळवतात.

माशांच्या घाणीतून विषारी अमोनिया तयार होतो, तो पचवणारे जिवाणू आधी टाकीत वाढवावे लागतात. त्यासाठी बाटलीबंद बॅक्टेरिया आणि अमोनिया २ पीपीएमपर्यंत (दहा लाखांत दोन भाग) जाईल इतकं अमोनियम क्लोराइड घाला. एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. घातलेला अमोनिया एका दिवसात शून्य होऊ लागला आणि नायट्राइटही शून्य दिसलं, की टाकी तयार. चार ते सहा आठवडे लागतात. या काळात दिवा बंदच ठेवा. पुढे दिवा लागल्यावर दगडांवर तपकिरी थर येईल. तो डायटम या सूक्ष्म शैवालाचा असतो, आपोआप ओसरतो. दोन-तीन शंखगोगलगायी सोडा, त्याच्यावर औषध ओतू नका.

प्रवाळ: आधी कायदा

भारतात सर्व कठीण प्रवाळ (दगडी सांगाड्याचे) आणि सी-फॅन (पंख्याच्या आकाराचे प्रवाळ) वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. समुद्री घोडाही संरक्षित आहे. मालवणच्या खडकावरून तुकडा उचलून आणणं गुन्हा आहे, आणि दुकानदार ‘सगळे घेतात’ म्हणाला तरी तो गुन्हाच राहतो. दगडी सांगाडा नसलेले मऊ प्रकार घ्या: मश्रूम, झोआ (झोअँथिड), लेदर. संवर्धित, म्हणजे टाकीत वाढवलेला, माल मागा आणि बिल घ्या. हे कमी प्रकाशातही वाढतात आणि त्यांची कॅल्शियमची गरज पाणीबदलातूनच भागते. सुरुवातीला मंद उजेड, मग हळूहळू आठ तासांपर्यंत.

झोआंबाबत एक गंभीर गोष्ट. त्यांच्यात पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असू शकतं. हाताळताना हातमोजे आणि चष्मा घाला. त्यांचा दगड कधीही उकळू नका, गरम पाण्याने घासू नका. वाफेतून गेलेल्या विषाने अख्खं घर दवाखान्यात भरती झाल्याच्या घटना परदेशात नोंदल्या गेल्या आहेत.

मासे

सगळ्यात शेवटी, आणि फक्त ओसेलॅरिस क्लाऊनफिशची एक जोडी. हॅचरीत (प्रजनन केंद्रात) वाढलेली मागा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाऊनफिशच्या प्रजननाचं तंत्र आपल्याकडेच विकसित केलं आहे. समुद्रात ज्याच्या आसऱ्याने राहते त्या अ‍ॅनिमोनीशिवायही (समुद्रफुलाशिवायही) ही जोडी मजेत जगते. निळा टँग मासा मागणाऱ्या मुलांना समजवा, तो फूटभर होतो. स्वस्त मिळणारा डॅमसेल मासा मारकुटा असतो. माशाला तांब्याचं औषध द्यायची वेळ आली तर वेगळ्या डब्यात द्या, कारण कोळंबी, गोगलगाय आणि प्रवाळ तांब्याने मरतात. कीटकनाशकंही या जिवांना सोसत नाहीत, म्हणून टाकीच्या खोलीत डासांचं लिक्विड किंवा झुरळांचा स्प्रेही नको.

गणपतीला गावी जाणार असाल तर निघण्याआधी पाणी बदला आणि शेजारच्या काकूंना फक्त खुणेपर्यंत भरायचं गोडं पाणी दाखवून जा. खाद्याचा डबा सोबत न्या किंवा रोजच्या चिमटीच्या पुड्या करून ठेवा. मासे तीन-चार दिवस उपाशी सहज राहतात, पण प्रेमाने रिकामा केलेला डबा टाकीला सोसत नाही.